मेळघाटात रानपिंगळा: हिवाळ्यात नेमका शोधायचा कसा?

सागरगोटा
नमस्कार मंडळी,
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं मेळघाटला चाललोय. मुक्काम सेमाडोहला, तिथून कोलकास, हरिसाल आणि वेळ उरला तर चिखलदरा असा बेत आहे. बाकीच्यांना वाघ, अस्वल, गवा जे दिसेल ते चालणार आहे. मी मात्र रानपिंगळ्यासाठी, त्या छोट्या दुर्मीळ घुबडासाठी, चाललेय.

एरवी पुण्याच्या आसपास पक्षी बघत हिंडते. कवडीपाट, भिगवण, सासवडकडची माळरानं, थंडीत येणारे चक्रवाक, पट्टकादंब हे सगळं मनापासून आवडतं. पण रानपिंगळ्याचं वेड वेगळंच आहे. शंभराहून जास्त वर्षं जगातून गेलाच असं मानलेला पक्षी, तो पुन्हा सापडला आपल्या महाराष्ट्रात, आणि आजही त्याचं घर म्हणजे मुख्यतः सातपुडा आणि आजूबाजूचा थोडासा मुलूख. एवढं असून तो प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस माझ्या ओळखीत एकही नाही.

जाणकारांना विचारायचंय ते असं. शोधायला कुठल्या प्रकारचं रान धरावं आणि किती वाजता? साध्या पिंगळ्यापासून तो लांबून वेगळा ओळखायचा कसा? आणि शेवटचं म्हणजे, आमच्यातला एक मित्र म्हणतो की फोनवर त्याचा आवाज घेऊन जाऊ, वाजवला की दोन मिनिटांत समोर येऊन बसतो. मला हे मुळीच पटलेलं नाही, पण त्याला समजावण्यापुरती माहिती माझ्याकडे नाही. सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.

भटकी_टिटवी
वा, काय सुंदर बेत! धागा वाचनखुणेत साठवला. मलाही हेच विचारायचं होतं.

वऱ्हाडी_भाऊ
ताई, मी धारणीचाच होय. या तुमी बिनधास्त. पन एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. पुन्या-मुंबईची मानसं येतात अन् घुबड म्हनून रात्री शोधत बसतात. रानपिंगळा दिवसाचा पक्षी हाय. थंडीच्या दिवसात सकाळी ऊन पडलं की सागाच्या नाही तर सालईच्या वाळक्या शेंड्यावर येऊन बसते, अंग शेकत. आठ ते साडेदहा हा त्याचा टाइम. मंग उन्हं चढली की आत फांदीत जाते, तिथं तुमाले काही दिसनार नाही. पुन्हा चार वाजल्यापासून अंधार पडेपर्यंत.

दुसरी गोष्ट, लय दाट जंगल शोधू नका. जिथं सागाचं विरळ रान हाय, खाली गवत हाय अन् बाजूले एखादा नाला नाही तर शेताचा तुकडा हाय, तिथं पाहा. सरडे अन् उंदीर जिथं, तिथं हा.

शिंजीर
वऱ्हाडी_भाऊ यांच्या प्रतिसादाला +१. ओळखीबद्दल मी लिहिते, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

मेळघाटात तुम्हाला तीन छोटी घुबडं भेटणार. पहिला आपला नेहमीचा पिंगळा, जो गावात, वडापिंपळाच्या ढोलीत, जुन्या वाड्यात असतो. दुसरं जंगल आउलेट, ज्याच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत बारीक आडवे पट्टे असतात. आणि तिसरा रानपिंगळा.

दुर्बीण लावली की आधी टाळू बघा. साध्या पिंगळ्याच्या टाळूवर पांढरे ठिपके दाट असतात, तांदळाची कणी शिंपडल्यासारखे. रानपिंगळ्याची टाळू जवळजवळ कोरी, राखट तपकिरी. ठिपके असलेच तर इतके पुसट की चांगल्या उजेडातच कळतात. मग पोट बघा. छातीवर रुंद गडद पट्टे आणि त्याखाली पोट एकदम स्वच्छ पांढरं. पायांवरही पांढरी पिसं, आणि पंजे त्या देहाच्या मानाने भलतेच दणकट. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असतात, आणि अस्वस्थ झाला की ती शेपटी डावी-उजवीकडे झटकत राहतो. डोकं मोठं, मान जवळजवळ नाहीच.

लांबून, सावलीत, पाठमोरा बसलेला असेल तर मात्र नाव लिहायची घाई करू नका. तो वळेपर्यंत थांबा. वळतोच.

खमंग_काकडी
घुबडं दिवसा हिंडणार आणि माणसं त्यांच्यासाठी रात्री चारचा गजर लावणार! सागरगोटाताई, निवांत आठला निघा, नाश्ता करून निघा. असा समंजस दुर्मीळ पक्षी दुसरा नाही.

वऱ्हाडी_भाऊ
@खमंग_काकडी, हा हा. नाश्त्याले सेमाडोहले गरम पोहे भेटतात. पन रस्त्यावर सकाळी सातलेच असावं, कारन तो बोलते सकाळी लवकर. आवाज आला की जागा समजते, मंग ऊन आलं की दिसते.

दप्तरी
सागरगोटा यांनी “पुन्हा सापडला” असं एका ओळीत उरकलंय. ही कथा एवढ्यात आटोपण्यासारखी नाही, म्हणून थोडं विस्ताराने.

१८७२ साली ब्लुइट नावाच्या इंग्रजाला आजच्या छत्तीसगडातल्या बसना-फुलझर भागात हा पक्षी मिळाला. त्याने नमुना ॲलन ह्यूमकडे पाठवला. तेच ह्यूम, जे पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते. ह्यूमने १८७३ मध्ये नवी जात म्हणून त्याचं वर्णन केलं आणि ब्लुइटचं नाव त्याला दिलं. १८७७ मध्ये व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला आजच्या ओडिशातल्या खरियारच्या बाजूला आणखी एक मिळाला. मग आपल्या खानदेशात जेम्स डेव्हिडसन हा सनदी अधिकारी आला. त्याने सातपुड्याच्या पायथ्याशी काही नमुने गोळा केले, शेवटचा १८८४ मध्ये. तिथून पुढे काहीच नाही. संग्रहालयात पेंढा भरलेले मोजके पक्षी, एवढाच काय तो पुरावा.

मध्ये एकच नोंद होती, १९१४ ची. कर्नल माइनर्ट्झहागेन या बड्या पक्षीतज्ज्ञाने तापीकाठी मांडवीला आपण हा पक्षी मिळवला असं सांगितलं होतं. पुढे कित्येक शोधमोहिमा निघाल्या. सालिम अली आणि अमेरिकी पक्षीतज्ज्ञ रिप्ली यांनीही शोधला. कोणाच्याही हाती लागला नाही. छायाचित्रं आली, तीही साध्या पिंगळ्याची निघाली.

नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधिकेने नायजेल कॉलर यांच्याबरोबर त्या १९१४ च्या नमुन्याची चिकित्सा केली. आतली मूळ भरणी डेव्हिडसनच्या हातची निघाली! म्हणजे कर्नलसाहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातून डेव्हिडसनचाच पक्षी उचलला, नव्याने भरला आणि खोटी चिठ्ठी लावली. ती नोंद बाद झाल्यावर खरी ठिकाणं तेवढी उरली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट तिघं भारतात आले. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणं धुंडाळली, तिथे निराशा. मग शहाद्याजवळच्या सातपुड्यात आले आणि २५ नोव्हेंबरच्या सकाळी एका निष्पर्ण झाडावर, उजेडात, हा बसलेला दिसला. डेव्हिडसननंतर ११३ वर्षांनी.

मला या कथेत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की तो सापडला तो जुनी कागदपत्रं कसोशीने तपासल्यामुळे. रानात पाय टाकण्याआधी त्या बाईंनी संग्रहालयातल्या कपाटांत महिनोन्‌महिने घालवले होते.

भटकी_टिटवी
बाप रे! अंगावर काटा आला. एका माणसाच्या लबाडीमुळे इतकी वर्षं लोक भलतीकडे शोधत राहिले?

दप्तरी
@भटकी_टिटवी, काही अंशी हो. त्याने असे बरेच नमुने चोरून खोट्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, हे नंतर उघड झालं. पण दुसरंही कारण होतं. घुबड म्हटल्यावर लोक संधिप्रकाशात आणि रात्री शोधायचे. आणि ज्या आवाजांच्या भरवशावर शोध चालायचा, ते आवाजही ह्या पक्ष्याचे आहेत याची कोणाला खात्री नव्हती.

नंदुरबारची_मास्तरीण
शहाद्याचं नाव वाचून खूप बरं वाटलं. मी तळोद्याजवळ शिकवते. आमच्या शाळेतली मुलं बहुतेक भिल्ल आणि पावरा घरांतली. १९९७ नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) अभ्यासकांनी तळोदा, तोरणमाळ, मेळघाट आणि मध्य प्रदेशातलं खकनार असं सगळं फिरून हा पक्षी नोंदवला, पण आमच्या तालुक्यातल्या मुलांना त्यांच्याच डोंगरातल्या या पक्ष्याबद्दल पुस्तकातून काही कळत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी वर्गात त्याचं मोठं चित्र लावलं. एक मुलगा म्हणाला, बाई, हा आमच्या शेताच्या बांधावर बसतो.

घुबड दिसलं की दगड मारायचा, घराच्या दिशेने बोललं की अशुभ, हे अजून आहेच. मंत्रतंत्रासाठी घुबड पकडणारेही आहेत. मी मुलांना एवढंच विचारते की तुमच्या शेतातले उंदीर कोण खातं? हा मुद्दा आईबापांपर्यंत पोचतो. भाषणं पोचत नाहीत.

तुम्ही मेळघाटला जाताय तर जाच, पण खानदेशकडेही या. इकडचं रान फार विरळ झालंय. डोंगरउतारावर नवी शेतं आली, जुनी झाडं गेली. जी आहेत ती तरी लोकांनी पाहिली पाहिजेत.

लेन्सवाला
सागरगोटा, तुमच्या मित्राचं म्हणणं अगदीच चूक नाही. मी बरीच वर्षं पक्ष्यांचे फोटो काढतोय. एकदा-दोनदा आवाज वाजवला तर पक्षी येतो, बघतो, निघून जातो. आपण मोटारींचा धूर सोडत जंगलात जातो, जिप्सीच्या रांगा लावतो, त्यापुढे हे काय? शिवाय रानपिंगळ्याची गणना करणाऱ्या अभ्यासकांनीही आवाज वाजवूनच नोंदी केल्या आहेत. त्यांनी केलं की विज्ञान आणि आम्ही केलं की गुन्हा, हे मला पटत नाही.

सालई
@लेन्सवाला, मुद्दा रास्त मांडलात म्हणून नीट उत्तर देतो. मी वनखात्याबरोबर काही सर्वेक्षणांत काम केलंय.

सर्वेक्षणात आवाज वाजवतात हे खरं. पण त्याला परवानगी असते, ठरावीक अंतरावरची ठिकाणं असतात, किती वेळ वाजवायचा आणि किती वेळ गप्प थांबायचं हे आधी ठरलेलं असतं, आणि उत्तर मिळालं की लगेच थांबवतात. त्या जागी पुन्हा उद्या, परवा, तेरवा कोणी जात नाही. पर्यटनाच्या हंगामात मात्र एकाच जोडीसमोर रोज नवे लोक येऊन तोच आवाज वाजवतात.

आता पक्ष्याच्या बाजूने बघा. रानपिंगळ्याचा विणीचा काळ ऑक्टोबरपासून मेपर्यंत. म्हणजे तुमची डिसेंबरची सहल बरोबर त्याच्या जोडी जमण्याच्या, ढोली धरण्याच्या दिवसांत येते. नराला वाटतं की हद्दीत दुसरा नर घुसला. तो शिकार सोडतो, ढोलीजवळची जागा सोडतो, उघड्यावर येऊन ओरडत बसतो. उघड्यावर बसलेल्या छोट्या घुबडाला शिक्रा आणि मोरघार दोघांचीही भीती असते. तो “येतो, बघतो, निघून जातो” ते आपल्याला दिसतं. त्या सकाळी त्याने मादीला काही आणून दिलं नाही, ते दिसत नाही.

आणि जिप्सीच्या धुराबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य, तेही कमी व्हायला हवं. पण एक वाईट आहे म्हणून दुसरं वाईट चालेल, असं होत नाही. हा पक्षी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. २०१८ पर्यंत तो जागतिक यादीत “अतिसंकटग्रस्त” होता. नवीन ठिकाणी सापडल्यामुळे एक पायरी खाली आला, तरी संकटग्रस्त आहेच.

लेन्सवाला
@सालई, विणीचा काळ ऑक्टोबरपासून असतो हे मला माहीत नव्हतं. मी उन्हाळा धरून चाललो होतो. ठीक आहे, रानपिंगळ्यापुरतं मान्य. सरसकट बंदीच्या मी अजूनही विरोधात आहे.

समुद्रपार
न्यू जर्सीहून. इकडे थंडीत आर्क्टिककडून कधीकधी हिमघुबड खाली येतं. २०२१ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एक येऊन बसलं. तिथली त्याआधीची नोंद १८९० ची! बातमी पसरली आणि हां हां म्हणता गर्दी झाली. तेव्हा इथे याच विषयावर कडाक्याचे वाद झाले, की ठिकाण जाहीर करावं का, किती लांब उभं राहावं. मी गेलो होतो, भरपूर लांबून बघितलं. कावळे त्याला हैराण करत होते आणि कुंपणाबाहेर शेकडो माणसं. आनंद झाला आणि काळजीही वाटली. लेन्सवाला म्हणतात तशी सरसकट बंदी नको, पण घुबडांच्या बाबतीत मी सालई यांच्या बाजूने.

पणजीकर
आमच्याकडे गोव्यात मोले, बोंडला भागात फ्रॉगमाउथ या निशाचर पक्ष्याचं असंच होतं. दिवसभर एकाच फांदीवर जोडीने बसतो, वाळक्या पानांचा झुबका वाटावा असा. गाइड लोकांना जागा ठाऊक असतात. हिवाळ्यात एकामागून एक गट येतात, कोणी फांद्या बाजूला करतं, आणि थोड्या दिवसांनी जोडी ती जागा सोडते. आता काही चांगले गाइड एका वेळी दोनच माणसं पुढे नेतात आणि दोन मिनिटांत मागे बोलावतात. पाहुणे कुरकुरतात, तरी ते ऐकत नाहीत. त्यांचं मला फार कौतुक वाटतं.

मुक्तछंद
थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. एका पक्ष्यासाठी एवढा आटापिटा कशाला? मेळघाटात जाऊन सिपना नदीच्या काठी शांत बसा. तुरेबाज व्याध दिसेल, सुतारपक्षी दिसतील, मोहोळघार दिसेल. “तो दिसला का, तो दिसला का” करत सगळं जंगल गाडीतून निसटून जातं. यादीत खूण करण्याचं हे वेड मला खटकतं.

सागरगोटा
@मुक्तछंद, राग कशाला? पण मला नाही पटलं. मी यादीसाठी जात नाही. एका पक्ष्यामागे लागले की त्याच्यासाठी मला साग कधी पानं टाकतो ते बघावं लागतं, सरडे कुठे ऊन खातात ते बघावं लागतं, सालईचं झाड कुठलं आणि मोईचं कुठलं ते शिकावं लागतं. “सगळं जंगल बघते” असं म्हणून गेले असते तर यातलं काहीच बघितलं नसतं.

सर्वांचे मनापासून आभार. सालई यांचा प्रतिसाद मित्राला जसाच्या तसा पाठवलाय.

राघूमैना
@सागरगोटा, शेवटचा परिच्छेद फार आवडला. माझा असाच एक पक्षी म्हणजे मानमोडी. हिवाळ्यात नांदूर मधमेश्वरच्या बाजूला येतो म्हणतात, खोडाच्या सालीसारखा रंग, समोर असला तरी दिसत नाही. त्याच्यापायी बाभळीच्या बनातल्या मुंग्यांच्या वारुळांचा माझा चांगला अभ्यास झालाय, कारण मुंग्या हेच त्याचं खाणं.

खमंग_काकडी
राघूमैनाताई, मानमोडी शोधता शोधता आपली मान मोडायची वेळ येते ती अशी!

वऱ्हाडी_भाऊ
धागा भलतीकडं चालला. ताई, अजून एक सांगायचं राह्यलं. लहान पाखरं एकदम कालवा करायले लागली, म्हंजे शिंजीर, कोतवाल, बुलबुल समदे एकाच झाडाभोवती ओरडत असतील, तर थांबा. साप तरी असते नाही तर घुबड. अन् दिवसाढवळ्या असंन तर रानपिंगळा असन्याचा लय चान्स. आवाज वाजवायची गरजच काय? पाखरंच पत्ता सांगतात.

गाइड मातर कोरकू घ्या. आमच्या इथले पोट्टे डोळ्यानं नाही, कानानं शोधतात.

(जानेवारीत धागा पुन्हा वर)

सागरगोटा
मंडळी, जाऊन आले. दिसला!

सेमाडोहच्या बाजूला साधे पिंगळे आणि जंगल आउलेट भरपूर भेटले. कोलकासला सकाळी धुकं इतकं की झाडांचे शेंडेच दिसेनात. आमचा गाइड कोरकू, विशीतला मुलगा. गाडी बंद करायला लावायचा आणि नुसता ऐकत उभा राहायचा. पहिल्यांदा मला चुळबुळ व्हायची, नंतर त्या थांबण्यातच गोडी वाटायला लागली. त्याच शांततेत एकदा अस्वल रस्ता ओलांडून गेलं, आमच्याकडे न बघता.

मग धारणीच्या दिशेने, शेतं आणि साग जिथे एकमेकांत मिसळतात अशा पट्ट्यात गेलो. साडेनऊच्या सुमारास वऱ्हाडी_भाऊंनी लिहिला होता तसाच कालवा ऐकू आला. दोन शिंजीर आणि एक कोतवाल एका अर्धवट वाळलेल्या सालईभोवती घिरट्या घालत होते. गाइडने बोट दाखवलं. खोडापासून हातभर अंतरावर, जाड फांदीवर, छाती उन्हाकडे करून तो बसला होता.

आधी पाठमोराच होता. शिंजीर यांचं ऐकून थांबले. वळला तेव्हा पोट दिसलं, खरोखर धुतल्यासारखं पांढरं, आणि छातीवरचे पट्टे एका रेषेत तुटावेत तसे एकदम संपलेले. टाळू कोरी. कोतवाल अगदी जवळून गेला की शेपूट डावीकडे, उजवीकडे. एकदा त्याने मान पुढे काढली, अख्खं अंग आखडून घेतलं आणि चोचीतून गडद रंगाची गोळी बाहेर टाकली. तो उडून गेल्यावर गाइडने झाडाखालून ती शोधून दाखवली. काडीने उकलली तर आत सरड्याचे खवले, नाकतोड्याच्या तंगड्या आणि उंदराचे केस. बघून तिथेच ठेवली.

उडाला तो समोरच्या तुरीच्या शेताच्या कडेला उतरला आणि गवतातून काहीतरी उचलून आत गेला. मित्राचा फोन सगळा वेळ खिशात होता. परतताना तोच म्हणाला की वाजवला असता तर त्याला शिकार करताना बघायला मिळालं नसतं.

फोटो टाकते. ठिकाण मुद्दाम लिहिलेलं नाही.

शिंजीर
अभिनंदन!! दुसऱ्या फोटोत पायांवरची पांढरी पिसं काय सुरेख दिसतायत. शंकेला जागाच नाही. नंबर एक रानपिंगळा. गोळीचं वर्णन वाचून तर हेवा वाटला.

भटकी_टिटवी
डोळ्यात पाणी आलं वाचताना. खूप खूप अभिनंदन!

सालई
अभिनंदन, आणि ठिकाण न दिल्याबद्दल विशेष आभार. ढोलीची जागा एकदा व्हॉट्सॲपवर फिरली की मग कोणाच्याच हातात काही राहत नाही.

वऱ्हाडी_भाऊ
ताई, लय आनंद झाला. सालईसाहेब, तुमचं बरोबर हाय, पन आमची बाजू बी ऐका. ठिकान लपवा, ढोली तर लपवाच. पन “धारणीकडे रानपिंगळा दिसते” हे लपवू नका. आमच्या पोरायले काम भेटते ते त्याच्यामुळंच. ज्या पोराले घुबड दाखवून दिवसाची मजुरी भेटते, तो ते झाड तोडू देत नाही. मोहफुलं येचायच्या टायमाले लोक झाडाखाली पाला पेटवतात, ती आग पसरते अन् जुनी पोकळ झाडं सगळ्यात आधी जळतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या पोरायनंच रात्रभर जागून आग विझवली. पर्यटक आले नसते तर विझवली असती का, मले सांगता येत नाही.

सालई
@वऱ्हाडी_भाऊ, पूर्ण मान्य. तालुका सांगावा, झाड सांगू नये. आणि स्थानिक गाइडशिवाय जाऊ नये, हे त्यात आपोआपच आलं.

नंदुरबारची_मास्तरीण
आगीबद्दल लिहिलंत ते फार महत्त्वाचं. आमच्याकडेही तसंच आहे. यावर्षी मुलांना घेऊन फेब्रुवारीत मोहाखालचा पाला न पेटवता झाडून गोळा करायचा, असं ठरवलंय. वऱ्हाडी_भाऊ, तुमच्या गावातल्या मुलांनी कसं केलं ते कळवाल का? व्यक्तिगत निरोप (व्यनि) करते.

वऱ्हाडी_भाऊ
करा मॅडम. आमचे दोघं-तिघं पोट्टे तिकडं येऊन सांगतील बी.

लेन्सवाला
फोटो छान आहेत. पहिल्यात उजेड मागून आलाय, तरी छातीचे पट्टे कळतात. मी मार्चमध्ये जायचं ठरवतोय. वऱ्हाडी_भाऊ, गाइडचं बघाल का? आवाज वाजवणार नाही, शब्द देतो.

कांदेपोहे_ठाणे
उशिरा आलो. मुंबई-ठाण्याच्या लोकांना मेळघाट लांब पडतं. २०१४ मध्ये तानसा अभयारण्यात रानपिंगळा सापडल्याचं वाचलं होतं. तिथे एका दिवसात जाऊन बघता येईल का? आईला घेऊन जायचंय, तिचं वय सत्तर आहे. फार चालणं जमणार नाही.

शिंजीर
@कांदेपोहे_ठाणे, तानसात आहे, बरोबर. सातपुड्यापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या या बाजूला तो मिळाला तेव्हा सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं होतं. एका दिवसात जाऊन येता येतं, पण दिसेलच असं नाही. आईंना घेऊन जाताय तर वनखात्याची परवानगी आधी काढा, सकाळी सातला फाटकापाशी असा, आणि गाडीरस्त्याच्या कडेलाच एखाद्या उघड्या सागाच्या पट्ट्यात खुर्ची टाकून बसा. चालायची गरज नाही. फेब्रुवारीत गेलात तर सागाची पानं गळायला लागलेली असतात, तेव्हा बसल्या जागेवरून जास्त दिसतं.

कांदेपोहे_ठाणे
धन्यवाद! घडीची खुर्ची आहे घरात. फेब्रुवारीचा दुसरा शनिवार ठरवतो. दुर्बीण आठ बाय बेचाळीस चालेल ना?

शिंजीर
उत्तम चालेल. आईंच्या हाताला जड वाटली तर तिपाई घ्या.